सुईदोरा : आधी कापड उजेडाला धरा

गौरी-गणपती आटोपले की दिवाळीच्या साफसफाईचे वेध लागतात, कपाटं उपसली जातात आणि माझं टपाल वाढतं. या महिन्यातली बहुतेक पत्रं जुन्या कापडांचीच आहेत. "याचं काय करू?" हा सगळ्यांचा प्रश्न. त्यावर माझाही सगळ्यांना एकच प्रश्न असतो: कापड उजेडाला धरून बघितलंत का? फोटोत रंग दिसतो, दम दिसत नाही. सांगलीतल्या माझ्या क्लासमध्ये कुणी जुनी साडी घेऊन आलं, की कात्री हातात द्यायच्या आधी मी तिला साडी घेऊन गच्चीवर पाठवते.

काकू, आईची लग्नातली रेशमी नऊवारी माझ्याकडे आहे. अंजिरी रंग, बारीक जरीकाठ. वर्षानुवर्षं ट्रंकेतच होती, नेसली फार कमी वेळा. माझ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी या साडीचा ड्रेस शिवायचा आहे. आमच्या टेलरनं हात लावायलाच नकार दिला. कापड तर नवंकोरं दिसतंय! त्याचं ऐकू का?
— एक वाचक, नाशिक

ड्रेसच्या बाबतीत ऐका. पण साडी परत ट्रंकेत टाकू नका, काहीतरी होईल.

नेसून विरलेलं कापड आणि घडीवर विरलेलं कापड, हे दोन वेगळे आजार आहेत. रोजच्या नेसणीची साडी बसायच्या जागी विरते, टाचेशी फाटते, आणि ते डोळ्यांना दिसतं. ट्रंकेतली साडी घडी असते तिथे मरते. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर मोडलेलं रेशीम त्या रेषेवरच तुटायला लागतं, आणि बाकीचं कापड नव्यासारखं चकचकीत राहतं. म्हणून तुम्हाला ती नवीकोरी वाटते आणि टेलरला भीती वाटते. त्यानं ड्रेस शिवला, मुलगी एकदा हात वर करून नाचली आणि बगलेत कापड उभं फाटलं, तर बोलणी त्यालाच खावी लागणार.

आता साडी पूर्ण उलगडा आणि दोघींनी मिळून खिडकीत धरा. घडीच्या रेषा दिसतील. एक लांब रेषा साडीच्या मधोमध, काठाला समांतर. आणि बाकीच्या आडव्या, ठरावीक अंतरावर. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकंसं ताणा. "चर्र" असा आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली, तर ती रेषा गेली असं समजा. मग रेषेपासून चार बोटं लांब तसंच ताणून बघा. तिथे कापड घट्ट असेल तर तुमचं काम झालं.

मी शिवेन तो परकर. ड्रेस नाही, घागराही नाही, आपला साधा चुण्यांचा परकर. परकराला अंगाचा ताण बसत नाही, तो नुसता लोंबतो. आणि तो शिवायचा घडीच्या रेषा टाळून नाही, त्या रेषांवरच कात्री चालवून.

आडव्या रेषांवर कापलंत की दहा-अकरा इंचांचे पट्टे निघतील. मधल्या लांब रेषेवर कापलंत की प्रत्येक पट्टा काठापासून साधारण 22 इंच उंच राहील. काठ खाली, घेराला. असे दहा पट्टे शेजारी शेजारी जोडा, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास घेर मिळतो. दहा वर्षांच्या मुलीला तो भरपूर झाला. जिथे घडी होती तिथे आता शिवण आली, आणि दुबळा भाग शिवणीच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेरच्या जादा कापडात गेला. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यामुळे चांगले पट्टे निवडायला भरपूर वाव आहे, पदराला हात लावायची गरजच नाही. पदर तसाच ठेवा.

पट्टे जोडण्याआधी प्रत्येकाच्या मागे मलमल लावायची. मलमल आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला ती आकसेल आणि रेशमाला फुगे येतील. रेशीम आणि मलमल हाताच्या मोठ्या कच्च्या टाक्यांनी चारही कडांना जोडा, आणि तिथून पुढे दोन्ही मिळून एकच कापड आहे असं समजून शिवा. सुई 11 नंबरची आणि कोरी. टाचण्या मायेतच टोचा, बाहेर नाही. रेशमात पडलेलं भोक बुजत नाही. त्याच कारणानं उसवाउसवीही परवडत नाही, म्हणून आधी जुन्या चादरीचा एक परकर कच्चा शिवून मुलीला घालून बघा.

पण 22 इंचांत परकराची उंची कशी भागणार? वरचा भाग सुती घ्यायचा, त्याच रंगाचा. कमरेपासून दहा इंचांचा सुती पट्टा, वर नेफा आणि नाडी, खाली रेशमाच्या चुण्या. पट्ट्याचं कापड चार इंच जास्त घेऊन त्यात दोन आडवे टक, म्हणजे टीप मारलेल्या घड्या, घालून ठेवा. मुलगी वाढली की एक उसवायचा, आणखी वाढली की दुसरा. वाढत्या अंगाच्या परकरांना पूर्वी असेच टक असायचे, पण ते खालच्या घेरात. आपण ते सुती पट्ट्यात घालतोय, कारण रेशमाला आता नवी मोड नको.

पोलकं मात्र नव्या कापडाचं. खणाचं घ्या, अंजिरी साडीवर हिरवा किंवा मोरपिशी खण खुलून दिसेल. मुंढा, बगल, पाठ, सगळा ताण तिथेच असतो. तिथे जुनं रेशीम घालायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. पोलकं कमरेखाली थोडं लांब ठेवलंत तर सुती पट्टाही बराचसा झाकला जाईल.

जुन्या मोडक्या छत्र्यांचं कापड टाकवत नाही. पाणी झिरपत नाही, मग त्याची पिशवी होईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

होईल, आणि कोकणात तर तिचा पुरेपूर वापर होईल. छत्रीच्या आठ कळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या शिवणी उसवू नका. काड्यांना जिथे टाके आहेत तेवढेच कापून अख्खं कापड सोडवा. ओला रेनकोट किंवा पोहायचे कपडे ठेवायला त्याची नाडीची पिशवी उत्तम: गोल कड दुमडून नाडी ओवायची, आणि मधल्या भोकावर आतून-बाहेरून कापडाचे दोन गोल तुकडे लावून बंद करायचं. टाचणी लावू नका, प्रत्येक टाचणीच्या भोकातून पाणी येतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टीप लांब ठेवा. इस्त्री चुकूनही नको, वितळेल. कापलेल्या कडेचे धागे सुटत असतील तर पेटती उदबत्ती कडेवरून झरझर फिरवा, पण खिडकी उघडी ठेवून. काड्यांच्या गंजाचे डाग जात नाहीत. ते आतल्या बाजूला घ्या.

आमचा बचत गट जुन्या चादरींच्या बाजारपिशव्या शिवतो. एक दुकानदार पिशवीला 12 रुपये देतो म्हणतो. चादरी लोक फुकट देतात, मग 12 परवडतात असं गटातल्या बायकांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण हिशोब मांडता येत नाही. शिवाय काही पिशव्या महिन्याभरात फाटल्या अशा तक्रारी आल्या.
— एक वाचक, बार्शी

तक्रारींचं आधी बघू, कारण भावाचा प्रश्न त्यातच अडकलाय.

माणूस चादरीच्या मधोमध झोपतो. चादर उजेडाला धरलीत तर डोक्याकडचा आणि पायाकडचा भाग घट्ट दिसेल, मधला पट्टा जाळीसारखा. तुम्ही एका टोकाकडून कापत गेलात आणि कापड पुरवून पुरवून वापरलंत, तर काही पिशव्या हमखास त्या मधल्या भागाच्या निघणार. त्याच फाटल्या.

सिंगल चादर 60 × 90 इंच धरू. पिशवीला 16 इंच रुंद आणि 35 इंच लांब तुकडा लागतो, तो मधे दुमडायचा. डोक्याकडून 35 इंच मोजा, पायाकडून 35 इंच मोजा, मधे 20 इंच उरतात. तो पट्टा पिशव्यांसाठी नाहीच असं समजा. रुंदीत 16 चे तीन तुकडे बसतात, म्हणजे वरून तीन, खालून तीन. एका चादरीत सहा पिशव्या. कडेला 12 इंचांचा लांब पट्टा उरतो, त्यात 4 × 22 चे बारा बंद निघतात. सहा पिशव्यांना बारा, बरोबर बसलं. बंद चार पदरी दुमडून इंचभर रुंद करा, दोन्ही कडांना टीप मारा. हातात धरायला एवढी लांबी पुरते. खांद्याला हवी असेल तर बंदांसाठी वेगळं कापड घ्यावं लागेल.

बंद लावताना पिशवीच्या तोंडाची दुमड दीड इंचाची ठेवा आणि बंदाचं टोक दुमडीच्या आत सरकवून चौकोन शिवा, चौकोनात फुली. कापड एकपदरी असेल तिथे बंद कधीच लावायचा नाही. दोन किलो कांदे भरले की सगळं वजन त्या दोन इंचांवर येतं. तळाशी कोपरे त्रिकोणी ओढून टोकापासून दोन इंचांवर आडवी टीप मारलीत की चार इंचांचा तळ मिळतो आणि पिशवी उभी राहते.

आता हिशोब. चादर फुकट आली हे खरं, पण ती धुणं, वाळवणं, इस्त्री, आखणं, कापणं हे फुकट होत नाही. सहा पिशव्या एकदम घेऊन, घड्याळ लावून बसा. सुरुवात धुण्यापासून धरा, मशीनपासून नाही. समजा पिशवीला अर्धा तास पडला आणि बाईच्या तासाला तुम्ही फक्त 60 रुपये लावलेत, तर मजुरीच 30. दोरा, सुई, वीज, मशीनची झीज मिळून 5 धरा. 35 झाले, आणि यात गटाला नफा शून्य. त्या दुकानदाराला 12 रुपयांत पिशवी दिलीत तर प्रत्येक पिशवीमागे 23 रुपये तुम्ही त्याच्या गल्ल्यात टाकताय. तुमचे आकडे वेगळे येतील, पण कागदावर मांडा आणि गटाच्या बैठकीत वाचा. "घरबसल्या तेवढेच" हे वाक्य मी फार ऐकलंय. मला ते आवडत नाही.

2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून कापडी पिशवीला मागणी आहे, पण दुकानदाराला हवी असते ती फुकट वाटायची पिशवी. ते गिऱ्हाईक तुमचं नव्हे. धुऊन दोन वर्षं वापरायची पिशवी ज्याला हवी आहे, त्याला ती थेट विका: आठवडी बाजार, शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नातला आहेर. तिथे 50-60 रुपये कुणाला जड जात नाहीत.

आणि तो मधला 20 इंचांचा विरलेला पट्टा फेकू नका. मऊ झालेलं सुती कापड पालेभाजीला छान. नाडीच्या छोट्या पिशव्या शिवा, मेथी-कोथिंबीर निवडून त्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायला. त्यात वजन पडत नाही, म्हणून विरलेलं चालतं.

काकू, मी हॉस्टेलवर नाही, खोली घेऊन राहतो. घरमालकीण काकूंच्या पायमशीनवर जुन्या जीन्सची लॅपटॉप बॅग शिवतोय. सुया तुटतायत. आता काकूंना तोंड दाखवायची लाज वाटते.
— एक विद्यार्थी, पुणे

बाळा, आधी सुयांचं एक पाकीट आणून काकूंना दे. 16 नंबर आणि 18 नंबर, दोन्ही. दुकानदाराला "घरगुती मशीनची, एका बाजूनं चपटी" असं सांग. कारखान्याच्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, ती बसणार नाही. पातळ कापडाची सुई लावून तू जीन्स शिवत असशील तर ती तुटणारच.

पण माझा अंदाज असा की तू कापड मागून ओढतोस. मशीन पुढे जाईना की सगळे ओढतात. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. कापड पुढे न्यायचं काम खालच्या दात्यांचं आहे, तुझे हात फक्त दिशा देण्यापुरते.

जिथे शिवणीवर शिवण येते तिथे जीन्सचे सहा-आठ पदर होतात. ती गाठ आधी बत्त्यानं ठोकून सपाट कर. खलबत्त्यातला बत्ता चालतो, खाली जाड पाट ठेव, आणि रात्री नको, खालच्या मजल्यावर माणसं राहतात. शिवताना मशीनचं फूट (कापड दाबून धरतं ते) त्या उंचवट्यावर चढलं की पुढून वर होतं आणि टाका चुकतो. तेव्हा फुटाच्या मागच्या बाजूला जीन्सचाच घडी केलेला तुकडा सरकव, म्हणजे फूट सरळ राहील. तेवढे चार-पाच टाके पाय न चालवता चाक हातानं फिरवून घे.

पँटच्या पायाच्या दोन शिवणींपैकी बहुधा एक दुहेरी बसवलेली असते आणि दुसरी साधी. साधी उसव, दुहेरी तशीच राहू दे, ती बॅगेच्या मधोमध आली तर शोभते. धातूच्या रिबिटांवरून मशीन नेऊ नकोस. पट्ट्यांसाठी जीन्स वापरू नकोस, फार जाड होते. पलंगाची सुती नवार मिळते ती घे. दीड-दोन इंच रुंद, स्वस्त, आणि माणसाचं वजन पेलायलाच विणलेली. लॅपटॉपसाठी आत फोमच हवा असं नाही, जुन्या ब्लँकेटचा तुकडा आणि त्यावर अस्तर पुरे.

नात कॅनडात असते, तिला नोव्हेंबरमध्ये बाळ होईल. माझ्या सुती साड्यांचं दुपटं हातानं शिवून पाठवायचं आहे. मशीन येत नाही. नात म्हणते, बाळाच्या पाळण्यात पांघरूण ठेवायचं नाही असं डॉक्टर सांगतात. मग शिवू की नको?
— एक आजी, डोंबिवली

शिवा, आजी. डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण, उशी, काही ठेवत नाहीत, नाकातोंडावर येऊ शकतं म्हणून. इथले डॉक्टरही तेच सांगतात. दुपटं जागेपणी लागेलच: जमिनीवर बाळाला पालथं घालायला, मांडीवर घ्यायला. तेव्हा पांघरुणासारखं जाड करू नका, बसकरासारखं करा.

36 × 36 इंच पुरे. साड्यांचे चार पदर: खाली एक, वर एक, मधे दोन जास्त धुतलेले, मऊ. जरीचा धागा कुठेही नको, बाळाला टोचतो. टिकल्या, मणी, लोंबत्या दोऱ्या नकोत. चारही पदर धुऊन जमिनीवर ताणून पसरा, चार कोपऱ्यांना वजनं ठेवा आणि लांब लांब टाक्यांनी कच्चं जोडून घ्या. कडा आत दुमडून पहिली ओळ कडेनं. मग धावदोरा कडेकडून आत, चौकोनात चौकोन, मध्याकडे. ओळींमधलं अंतर एका बोटाचं. तिकडे ते वॉशिंग मशीनमध्येच जाणार. अंतर जास्त ठेवलंत तर आतले पदर गोळा होतील.

दोरा सुती, रंग साडीपेक्षा वेगळा घ्या, टाके दिसू देत. गाठी पदरांच्या आत ओढून घ्यायच्या. हात दुखला की थांबा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झालं तरी पोचेल, कुणी जाणारं असेल तर आणखी बरं.

मशीनची टीप वरून छान, खालून मात्र दोऱ्याचं जाळं. बॉबिनचा स्क्रू फिरवून फिरवून थकले.
— एक वाचक, लातूर

तो स्क्रू सोडा. खाली जाळं झालं तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, आणि फूट वर असतानाच पुन्हा ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे बसत नाही, नुसता वरून जातो, आणि सगळा ढिला दोरा खाली जमा होतो. सुईची लांब खाच ज्या बाजूला आहे त्याच बाजूनं दोरा आत घाला. एवढं करून जाळं राहिलं तर बॉबिन केस काढून आतला कचरा ब्रशनं झाडा. आणि मशीनला खोबरेल तेल घालत असाल तर आजपासून बंद. थंडीत ते थिजतं, एरवी धुळीबरोबर चिकट होतं. मशीनचं पांढरं तेल मिळतं, त्याचे थेंब घालून एखाद्या चिंधीवर दोरा न ओवता मशीन थोडा वेळ चालवा, जादाचं तेल चिंधीत उतरेल. मग साडीला हात लावा.